‘एंडगेम’पासून सुरुवात करू नका: फँटसी, सुपरहिरो आणि थ्रिलर पहिल्यांदाच बघणाऱ्यांसाठी

सुपरहिरोंचा सिनेमा पहिल्यांदा बघून उठलेला माणूस बहुधा तीनपैकी एक वाक्य बोलतो: “कोण कोणाचा कोण, काही कळलं नाही”, “नुसती मारामारी आहे” किंवा “हे सगळं पोराटोरांसाठी असतं”. पहिल्या तक्रारीवर इलाज आहे, आणि तो केला की दुसरी बरीच कमी होते. तिसरीचं उत्तर फँटसीच्या भागात येईल. एरवीही माणसं वैतागतात ती सिनेमा वाईट होता म्हणून कमी, आणि चुकीचा भाग किंवा चुकीची आवृत्ती लावली, नाहीतर चुकीच्या वेळी लावली, म्हणून जास्त.

ज्यांना या प्रकारांचं वेड नाही आणि लावूनही घ्यायचं नाही, पण शनिवारची रात्र बरी जावी आणि ‘कसा वाटला?’ या प्रश्नाला स्वतःचं उत्तर असावं असं वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. कुठल्याही सिनेमाचा शेवट खाली फोडलेला नाही.

पायरी १: हा सिनेमा एकटा बघून कळतो का?

पोस्टर बघून निवड करू नका. नावात आकडा असेल, नाव दोन टिंबांनी तुटलेलं असेल (‘अमुक: तमुक’) किंवा पोस्टरवर सहा-सात पोशाखवाले दाटीवाटीने उभे असतील, तर तो मधला भाग आहे असं समजून चाला. ‘अव्हेंजर्स: एंडगेम’ (२०१९) हा मार्व्हलच्या मालिकेतला २२वा चित्रपट, लांबी १८१ मिनिटं. आधीचं काहीच न पाहता तो लावणं म्हणजे दोन वर्षं चाललेल्या डेलीसोपचा थेट शेवटचा आठवडा बघायला बसणं. रडणारी माणसं दिसतात, का रडताहेत ते कळत नाही.

मग सुरुवात कशाने करावी? सॅम रेमीचा ‘स्पायडर-मॅन’ (२००२) १२१ मिनिटांचा आहे आणि त्याला पूर्वतयारी लागत नाही. ‘द डार्क नाइट’ (२००८, १५२ मिनिटं) तीन भागांतला दुसरा असला तरी एकटा कळतो. वेळ असेल तर आधी ‘बॅटमॅन बिगिन्स’ (२००५) बघा. परदेशी शहरं आणि घट्ट पोशाख यांच्याशी जमतच नसेल, तर मल्याळम ‘मिन्नल मुरली’ (२०२१) लावा. केरळातल्या गावातल्या शिंप्यावर वीज पडते आणि त्याच्या अंगात शक्ती येते, एवढी साधी सुरुवात. घरातल्या मोठ्या माणसांना सोबत घेऊन बघण्यासाठी आमच्या मते या प्रकारात याच्याइतकी सोयीची निवड दुसरी नाही.

आता एक गोंधळ कायमचा मिटवून टाकू. डीसी आणि मार्व्हल या कॉमिक्सच्या दोन वेगळ्या कंपन्या. बॅटमॅन, सुपरमॅन, वंडर वुमन ही डीसीची माणसं. आयर्न मॅन, थॉर, कॅप्टन अमेरिका, स्पायडर-मॅन ही मार्व्हलची. या दोन घराण्यांची चित्रपटांत गाठ पडत नाही, त्यामुळे “यात बॅटमॅन कधी येणार?” असं विचारत बसू नका. स्पायडर-मॅनच्या चित्रपटांचे हक्क सोनीकडे असल्याने त्याची गोष्ट तीनदा नव्याने सुरू झाली: टोबी मॅग्वायरचे तीन भाग (२००२ ते २००७), अँड्र्यू गारफिल्डचे दोन (२०१२ आणि २०१४) आणि २०१६पासून टॉम हॉलंड. यातला ‘नो वे होम’ (२०२१) मात्र बाकीचे पाहून झाल्यावरच बघायचा. का, ते सांगितलं तर त्यातली निम्मी मजा जाईल.

मुख्य नट बदलला की गोष्ट नव्याने सुरू झाली, असं सर्वसाधारणपणे धरायला हरकत नाही. ख्रिश्चन बेलचा बॅटमॅन, बेन ॲफ्लेकचा बॅटमॅन आणि ‘द बॅटमॅन’मधला (२०२२) रॉबर्ट पॅटिन्सन यांचा एकमेकांशी संबंध नाही. पण दुय्यम पात्रांत हा नियम फसतो. ‘आयर्न मॅन’मधला मित्र रोडी पुढच्या भागापासून वेगळाच नट करतो, आणि माणूस तोच असतो. हल्कचंही तसंच: २००८च्या चित्रपटात एडवर्ड नॉर्टन, २०१२पासून मार्क रफालो.

पायरी २: मार्व्हल बघायचंच असेल तर दहा चित्रपट

२००८च्या ‘आयर्न मॅन’पासून २०१९च्या ‘स्पायडर-मॅन: फार फ्रॉम होम’पर्यंत एक मोठं आवर्तन पूर्ण होतं. त्यात २३ चित्रपट आहेत आणि एकूण वेळ पन्नास तासांच्या आसपास जातो. हौशी प्रेक्षकाला एवढ्याची गरज नाही. खालच्या दहांत कणा हाती लागतो, आणि ते सुमारे २३ तासांत होतात:

‘आयर्न मॅन’ (२००८), ‘कॅप्टन अमेरिका: द फर्स्ट अव्हेंजर’ (२०११), ‘द अव्हेंजर्स’ (२०१२), ‘कॅप्टन अमेरिका: द विंटर सोल्जर’ (२०१४), ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ (२०१४), ‘कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर’ (२०१६), ‘थॉर: रॅग्नारॉक’ (२०१७), ‘ब्लॅक पँथर’ (२०१८), ‘अव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’ (२०१८), ‘अव्हेंजर्स: एंडगेम’ (२०१९).

गाळलेल्यांमुळे चार ठिकाणी अडखळायला होतं. ‘द अव्हेंजर्स’मधला लोकी हा थॉरचा दत्तक भाऊ. व्हिजन हा कृत्रिमरीत्या घडलेला जीव आहे आणि त्याच्या कपाळावरचा खडा हा अफाट शक्ती देणाऱ्या सहा ‘इन्फिनिटी स्टोन्स’पैकी एक. वांडा ही मन आणि वस्तू दोन्ही हलवू शकणारी तरुणी, आधी विरोधात होती, मग बाजूला आली. डॉक्टर स्ट्रेंज हा हात निकामी झालेला शल्यविशारद. पुढे मंत्रविद्या शिकला, आणि त्याच्या गळ्यातल्या ताइतात काळावर ताबा देणारा खडा आहे. एवढं ठाऊक असलं की ‘इन्फिनिटी वॉर’मध्ये शेजारच्याला कोपर मारून विचारावं लागत नाही.

क्रम प्रदर्शनाचाच ठेवा. ‘कथेतल्या काळानुसार’ लावलेल्या याद्या सगळीकडे फिरतात आणि त्या दिसायला हुशार असतात, पण पहिल्या वेळी त्या घात करतात. ‘कॅप्टन मार्व्हल’ची गोष्ट १९९५मध्ये घडते म्हणून अशा याद्या तो दुसऱ्या क्रमांकावर टाकतात. चित्रपट आला मात्र मार्च २०१९मध्ये, आणि त्याच्या श्रेयनामावलीत येणारं दृश्य थेट ‘इन्फिनिटी वॉर’नंतरचं आहे. म्हणजे दुसऱ्याच आठवड्यात नवव्या चित्रपटाचा निकाल हाती. ‘ब्लॅक विडो’ (२०२१) यानेही असाच फटका बसतो.

श्रेयनामावलीतल्या या दृश्यांचा आणखी एक घोळ आहे. ओटीटीवर नावं सुरू होताच पडदा कोपऱ्यात आक्रसतो आणि काही सेकंदांत पुढचंच काहीतरी सुरू होतं. ‘रॅग्नारॉक’च्या नावांदरम्यान जे मिनिटभराचं दृश्य येतं, त्याच्या पुढूनच ‘इन्फिनिटी वॉर’ची सुरुवात होते, ते हुकलं की नव्या चित्रपटाची पहिली पाच मिनिटं अधांतरी वाटतात. म्हणून खात्याच्या सेटिंगमध्ये ऑटोप्ले बंद करा, किंवा चौकट लहान होताच तिच्यावर जाऊन ओके दाबा. मार्व्हलमध्ये बहुतेकदा दोन दृश्यं असतात: एक सजवलेल्या नावांनंतर, दुसरं अगदी शेवटी. पहिलं गोष्ट पुढे नेतं, दुसरं अनेकदा नुसती गंमत. ‘एंडगेम’च्या शेवटी असं दृश्यच नाही, तेव्हा खुशाल उठा.

वेगाचं म्हणाल तर आठवड्याला एक. रोज एक बघणाऱ्याला पाचव्या दिवशी सगळ्या मारामाऱ्या सारख्याच वाटू लागतात. पण ‘इन्फिनिटी वॉर’ आणि ‘एंडगेम’ यांच्यात आठवड्याहून जास्त अंतर पडू देऊ नका.

पायरी ३: फँटसीत पहिला पाऊण तास सोसा

फँटसी सिनेमा सुरुवातीला वेळ मागतो, कारण त्याला नवं जग उभं करून त्याचे नियम सांगायचे असतात. पीटर जॅक्सनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला भाग (२००१, १७८ मिनिटं) आरंभी अंगठीचा इतिहास सांगतो आणि मग बराच वेळ एका हिरव्यागार गावात, वाढदिवसाच्या समारंभात रेंगाळतो. बहुतेक जण इथेच मोबाइल हातात घेतात. सुरुवातीचा तो इतिहास मात्र मोबाइल बाजूला ठेवून बघायचा: अंगठी कोणाची, ती नष्ट का झाली नाही, ती जवळ ठेवणाऱ्याचं काय होतं. पुढचे नऊ तास या तीन उत्तरांवर चालतात.

नावांचा त्रास खरा आहे. सॉरॉन आणि सारुमान हे दोघे वेगळे: सॉरॉन हा अंगठीचा मूळ मालक, सारुमान हा पांढऱ्या झग्यातला जादूगार. नायकांपैकी एक असलेल्या ॲरागॉर्नला सुरुवातीला ‘स्ट्रायडर’ म्हणतात. हे कागदावर लिहून टीपॉयवर ठेवायला लाज वाटू देऊ नका.

आवृत्तीत फसू नका. चित्रपटगृहात दाखवलेले तीन भाग मिळून साडेनऊ तासांच्या आत आटोपतात. ‘एक्स्टेंडेड’ आवृत्त्या ११ तासांच्या पुढे जातात. चाहते वाढीव आवृत्तीचा आग्रह धरतील, ऐकू नका. पहिल्यांदा बघणाऱ्याला त्यातली जादा गाणी आणि संभाषणं जड जातात. दुसरा भाग (२००२) ‘मागील भागात’ वगैरे काही न सांगता सुरू होतो, म्हणून दोन भागांत महिनाभराचं अंतर नको. तिसरा (२००३, २०१ मिनिटं) ११ ऑस्कर मिळवून गेला, तरी त्याच्याबद्दलची नेहमीची कुरकुर बरोबरच आहे: मुख्य लढाई मिटल्यावरही तो संपता संपत नाही. तेवढा वेळ हिशेबात धरून लवकर बसा. ‘द हॉबिट’चे तीन भाग (२०१२ ते २०१४) कथेत आधीचे असले तरी नंतरच बघायचे, किंवा बघायचेच नाहीत. लहान मुलांच्या एका पुस्तकाला तीन चित्रपटांपर्यंत ताणलं आहे आणि ते जाणवतं.

हॅरी पॉटरचे आठ चित्रपट (२००१ ते २०११) जवळपास वीस तासांचे. पहिले दोन खरोखरच मुलांसाठी आहेत. कंटाळा आला तरी तिसऱ्यापर्यंत (२००४) जा. तिथे दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोन येतो आणि सूर बदलतो. मुख्याध्यापक डम्बलडोरचा चेहराही तिथूनच बदलतो, कारण रिचर्ड हॅरिस यांचं २००२मध्ये निधन झालं.

आता ‘पोराटोरांसाठी’. ‘पॅन्स लॅबिरिंथ’ (२००६) या स्पॅनिश चित्रपटात लहान मुलगी आहे, परी आहे, चक्रव्यूह आहे. पण काळ १९४४चा, स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीतला, आणि त्यातली क्रूरता मुलांना दाखवण्यासारखी अजिबात नाही. आपल्याकडचा ‘तुंबाड’ (२०१८) कोकणातल्या गावातला, हावरटपणाची दंतकथा सांगणारा; तोही झोपताना मुलांसोबत बघायचा नाही. तेव्हा परी दिसली की मुलांना हाक मारायची, असं करू नका; प्रमाणपत्र बघा. २०२४पासून भारतात ‘यूए’चे तीन गट झाले आहेत: ७+, १३+ आणि १६+. ‘जोकर’ (२०१९) आणि ‘डेडपूल’ (२०१६) यांत कॉमिक्समधली माणसं असली तरी दोन्ही ‘ए’ आहेत.

पायरी ४: टीव्ही आणि आवाज

हे काम दहा मिनिटांचं आहे आणि एकदाच करायचं आहे. नवा टीव्ही दुकानातल्या झगमगाटासाठी लावलेला येतो. पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’वरून ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’वर आणा. मग हालचाल गुळगुळीत करणारी सोय शोधून बंद करा. सॅमसंगमध्ये ती ‘पिक्चर क्लॅरिटी’ किंवा ‘ऑटो मोशन प्लस’, एलजीत ‘ट्रूमोशन’, सोनीत ‘मोशनफ्लो’ या नावाने असते. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही मधली चित्रं स्वतः रचून घालतो आणि कोट्यवधी डॉलरचा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसू लागतो. (जॅक्सनने ‘द हॉबिट’ मुद्दाम ४८ चित्रांवर काढला, तेव्हाही अनेक समीक्षकांनी हीच तक्रार केली होती.)

वरखालच्या काळ्या पट्ट्या घालवायला ‘झूम’ करू नका, कडेची माणसं कापली जातात. ‘द डार्क नाइट’मध्ये काही दृश्यं आयमॅक्स कॅमेऱ्याने घेतली आहेत, त्यामुळे काही आवृत्त्यांत चित्राची उंची मध्येच वाढते, टीव्ही बिघडलेला नसतो.

बोलणं ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवायचा आणि स्फोट झाला की रिमोट शोधत धावायचं, हा घरोघरचा अनुभव. टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकत असाल तर ऑडिओच्या यादीत ‘५.१’ (अनेक स्पीकरसाठीचा आवाज) सोडून साधा ‘स्टीरिओ’ निवडून बघा, आणि टीव्हीत ‘नाइट मोड’ किंवा ‘क्लिअर व्हॉइस’सारखी सोय असेल तर ती चालू करा. मूळ इंग्रजी आणि सबटायटल्स की हिंदी डब? मार्व्हल हिंदीत चालून जातं. थ्रिलर मात्र मूळ भाषेतच बघा, कारण तिथे आवाजातला कापराही पुरावा असतो. सबटायटल्समध्ये ‘सीसी’ लिहिलेला पर्याय थ्रिलरला टाळा. अंधारात कोण बोललं ते पात्राच्या नावासकट छापून येतं आणि रहस्य जागच्या जागी फुटतं.

मोबाइल डेटावर बघणार असाल तर हिशेब ठेवा. नेटफ्लिक्सच्या आकड्यांनुसार एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत आणि फोर-केला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. साडेतीन तासांचा सिनेमा फोर-केमध्ये २० जीबीच्या वर नेऊ शकतो.

थिएटरात पहिल्यांदा जाताना टू-डी घ्या. थ्री-डीच्या चष्म्यातून चित्र अंधारं दिसतं आणि रात्रीच्या लढायांत काहीच कळत नाही. हॉलिवूडचे सिनेमे मध्यंतर धरून बनवलेले नसतात; आपल्याकडे ते मध्येच कुठेतरी कापून घालतात, त्याचा दोष दिग्दर्शकाला देऊ नका.

पायरी ५: थ्रिलर बघताना हुशारी आवरा

सुपरहिरोला पूर्वमाहिती लागते, थ्रिलरला अज्ञान. ट्रेलर बघू नका, यूट्यूबवर नाव शोधू नका. एकदा शोधलंत की ‘शेवटाचा अर्थ’ सांगणारे व्हिडिओ आठवडाभर समोर येत राहतात, आणि त्यांच्या चित्रावरच खुन्याचा चेहरा असतो.

हा थ्रिलर कुठल्या जातीचा आहे ते ओळखता आलं तर अपेक्षा जागेवर राहतात. थ्रिलरचा नावाजलेला दिग्दर्शक हिचकॉक याने फ्रेंच दिग्दर्शक फ्रांस्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत सांगितलेलं उदाहरण अजूनही सगळ्यात उपयोगी आहे: टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसेल आणि तो फुटला, तर पंधरा सेकंदांचा धक्का बसतो, आधीच दाखवला असेल तर पंधरा मिनिटं जीव टांगणीला लागतो. पुष्कळ थ्रिलर दुसऱ्या जातीचे असतात. त्यांत गुन्हेगार कोण ते सुरुवातीलाच कळतं, आणि “मी आधीच ओळखलं” हा शेरा तिथे गैरलागू ठरतो.

‘दृश्यम’ घ्या. मूळ मल्याळम २०१३चा. हिंदी २०१५चा, गोव्यात घडणारा, निशिकांत कामत यांनी दिग्दर्शित केलेला. कोणताही एक निवडा, पाठोपाठ दोन्ही नकोत. त्याचा पहिला तास संथ आहे: केबलवाल्याचं घर, मुली, काटकसर, सिनेमाचं वेड. पुढे उपयोगी पडणारी सगळी सामग्री तिथेच मांडलेली आहे, म्हणून भाजी निवडत निवडत तो तास काढला तर उत्तरार्ध नुसता चलाख वाटेल. ‘अंधाधुन’ (२०१८) पुण्यात घडतो आणि कोबीच्या शेतातल्या एका सशापासून सुरू होतो. त्या वेळी चहा आणायला उठू नका, एवढंच सांगतो. हिचकॉकने ‘सायको’ (१९६०) सुरू झाल्यावर कोणालाही थिएटरात सोडू नका असा दंडक घातला होता, तो उगाच नाही.

कोड्यासारखे थ्रिलर ही आणखी वेगळी जात. ‘मेमेंटो’ (२०००) लावण्यापूर्वी एकच गोष्ट माहीत असू द्या: रंगीत दृश्यं उलट्या क्रमाने जातात, कृष्णधवल दृश्यं सरळ क्रमाने, आणि शेवटाकडे दोन्ही येऊन मिळतात. प्रत्येक रंगीत तुकडा जिथे थांबतो, तिथून त्याच्या आधी दाखवलेला तुकडा सुरू झालेला असतो. हे कळलं की ११३ मिनिटं मजेत जातात. न कळलं तर विसाव्या मिनिटाला माणूस झोपतो. असा सिनेमा दोन रात्रींत तोडून बघू नका आणि रात्री साडेदहानंतर लावू नका.

पायरी ६: मत बनवा, मग इतरांची वाचा

सिनेमा संपल्यावर रेटिंग बघण्याआधी चार ओळी लिहा; मोबाइलच्या नोट्समध्ये चालतील. काय अपेक्षा होती. कोणत्या मिनिटाला मोबाइलकडे हात गेला (ही नोंद सगळ्यात प्रामाणिक असते). कोणतं दृश्य लक्षात राहिलं. कोणता प्रश्न सुटला नाही. ‘चांगला’, ‘बोअर’, ‘भारी’ हे शब्द न वापरता लिहून बघा, म्हणजे नेमकं काय आवडलं ते शोधावं लागतं.

“लॉजिक नाही” हा शेरा मारताना प्रकार लक्षात घ्या. अंगठी घातली की माणूस अदृश्य होतो, हे मान्य करूनच आपण बसलेलो असतो. तपासायचं ते एवढंच, की सिनेमाने स्वतः घातलेला नियम सोयीनुसार मोडला का. सुपरहिरोच्या बाबतीत बघा, की मारामारीत कोणी काही गमावलं का; नसेल तर तुमचा कंटाळा रास्त आहे. थ्रिलरची परीक्षा दुसऱ्या दिवशी घ्यायची: शेवट कळल्यावर गुन्हेगाराची सुरुवातीची वागणूक आठवून बघा. त्याला एकट्याला, कोणी बघत नसतानाही निरपराधासारखं वागताना दाखवलं असेल, तर सिनेमाने तुम्हाला फसवलं आहे, आणि तसं बिनधास्त म्हणा.

सोडून द्यायचा सिनेमा कधी सोडावा? फँटसीला पाऊण तास द्या, सुपरहिरोला अर्धा. थ्रिलर मध्यंतराच्या आसपासपर्यंत पकडत नसेल तर बंद करा, पण मग शेवट कोणाला विचारू नका. सहा महिन्यांनी पुन्हा लावावासा वाटू शकतो. आणि मित्रांच्या ग्रुपवर मत टाकताना पहिल्या अर्ध्या तासात जे घडतं तेवढंच लिहा. बाकीचं ज्याने पाहिलाय त्याला फोन करून बोला.